सूर्यफूल लावलं तर शेतातलं लोखंड जाईल का?

प्रश्न : ताई, आमचं भातशेत सत्तरीत, बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीच्या डंपाखाली, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगाखाली आहे. दर पावसात वरची लाल माती वाहून येते, सुकली की विटेसारखी घट्ट होते. भाचा म्हणतो, चेर्नोबिलला सूर्यफुलांनी विष ओढून घेतलं, आपणही लावू. डंपावर ना वीज ना रस्ता, तेव्हा झाडंच बरी. हे खरं का? आणि ते पीक गुरांना चालेल का?
– एक शेतकरी, सत्तरी (गोवा)

उत्तर : भाच्याने ऐकलंय ते खोटं नाही, अर्धवट आहे. १९८६च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर चेर्नोबिलजवळच्या एका तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुलं वाढवली होती. त्यांची मुळं लोंबत होती पाण्यात, आणि तिथून ती सीझियम-स्ट्रॉन्शियम ही किरणोत्सारी द्रव्यं शोषत होती. तुमचा प्रश्न मातीचा आहे, तोही लोखंडाचा.

जरा हिशेब करू. एका हेक्टरातली वरची वीतभर माती साधारण २,००० टन भरते. त्यात दहा टक्के लोखंड धरलं तर झालं २०० टन. आता दहा टन वाळलेलं पीक काढलंत आणि त्यात किलोमागे अर्धा ग्रॅम लोखंड निघालं, तर गेलं फक्त पाच किलो. या चालीने चाळीस हजार वर्षं लागतील. भाच्याच्या नातवंडांनाही जमायचं नाही.

धातू खरोखर खाणारी झाडं आहेत, पण प्रत्येकाची आवड ठरलेली. न्यू कॅलेडोनियात एक झाड आहे, त्याची साल कापली की निळसर-हिरवा चीक येतो. तो वाळवला तर जवळजवळ चौथा हिस्सा निकेल! टेरिस विटाटा हे नेचं आर्सेनिक ओढतं, हे २००१ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं. आपल्याकडे जुन्या चुन्याच्या भिंतींवर ते आपसूक उगवतं. लोखंडासाठी असं झाड शोधत बसू नका.

गुरांचं म्हणाल, तर धातू ओढायला म्हणून लावलेलं काहीही त्यांच्या तोंडी जाता कामा नये. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही कॅडमियम हा विषारी धातू मिसळलेल्या कुंड्यांत मोहरी वाढवली होती. एके दुपारी पाहते तर शिपाईमामा भाजीसाठी पानं खुडताहेत! मी एवढ्याने ओरडले की मामा महिनाभर बोलले नाहीत. चूक माझीच, कुंड्यांवर पाटी नव्हती. असं पीक वेगळं कापून सांभाळूनच टाकावं लागतं, आणि आडरानात ते वाहून न्यायचं कुणी, हा प्रश्न उरतोच.

तुमच्या डंपावर झाडांचं काम वेगळं : माती धरून ठेवायचं. त्याला वाळा उत्तम. पहिल्या एक-दोन वर्षांतच मुळं पुरुषभर किंवा त्याहून खोल जातात, आणि बरेचसे धातू मुळांतच अडकून पानांत कमी येतात. उताराला आडव्या, दाट ओळी लावा. डंपाच्या मालकाची परवानगी मात्र आधी घ्या. नुसत्या ऑस्ट्रेलियन अकेशियाने डंप हिरवा दिसतो, पण माझा त्यावर भरवसा नाही; खाली गवत नसेल तर पाऊस माती नेतोच. शेताच्या वरच्या अंगाला गाळ बसायला खड्डा काढा, मेरेला चिरे लावा. आलेला गाळ सुकल्यावर खरवडून बाहेर काढा, नांगरून आत घालू नका. मग शेणखत घाला आणि हिरवळीच्या खतासाठी ताग.

भाताची खालची पानं टोकाकडून तांबूस ठिपक्यांनी भरतात का, पाहा. साचलेल्या पाण्यात लोखंड विरघळून मुळांत जातं, त्याची ती खूण. तसं असेल तर मधूनमधून पाणी काढून शेत थोडं सुकू द्या.

मृद आरोग्य पत्रिकेत लोह आणि मँगनीज येतं, पण शिसं, कॅडमियम, आर्सेनिक नसतं. ते वेगळे पैसे भरून तपासून घ्या. आकडे आले की मला कळवा, सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट ते) सगळ्यात वर लिहा. चुना किती घालायचा ते त्यावर सांगते.