मुलगा यायला तयार नाही? मग आधी तुम्ही या

‘मुलगा तुमच्याकडे यायलाच तयार नाही. मग मी काय करू?’ शाळा सुटलेली, काम नाही, दिवसभर अंथरुणात आणि रात्रभर मोबाइलवर, अशा मुलांच्या आया हा प्रश्न मला सतत विचारतात. आमच्या केंद्रात मी समुपदेशन करते. मुलाशिवाय येऊन काय उपयोग, असं धरून बऱ्याच जणी विचारता विचारताच उठायला लागतात. त्यांना मी बसवून घेते. जे मूल घराबाहेर पडत नाही, त्याच्यासाठी पहिली भेट घरातल्या मोठ्या माणसाचीच असते. दुसरी भेट आम्ही त्याच्या दारात जाऊन घ्यायची असते.

सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू, शाळा मराठी. मुलगा पंधरा वर्षांचा. नववीत नापास झाला आणि पुन्हा शाळेत गेलाच नाही. आई म्हणाली, “आळशी झालंय ओ पोरगं. बापाचा मार खातंय, पण उठत नाही बगा.”

अशा वेळी मी सगळ्यात आधी धोका आहे का ते बघते. जेवतो का, अंघोळ करतो का, एकटाच बडबडतो का, मरणाचं बोलतो का, अंगावर कापल्याच्या खुणा आहेत का? मरणाबद्दल थेट विचारलं तर मुलाच्या डोक्यात ते येईल, ही भीती आयांना फार असते. विचारल्याने तसं होत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. यातलं काही दिसलं तर मी वाट बघत नाही, सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत पाठवते. रात्री-अपरात्री धीर सुटला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतून बोलता येतं. मूल अठरा वर्षांच्या आतलं असेल आणि घरातच मारहाण होत असेल, तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. या मुलाच्या बाबतीत मार थांबवणं ही आमची पहिली अट होती. वडिलांना ती पटली नव्हती, पण त्यांनी पाळली.

मग आमचा वस्तीतला कार्यकर्ता त्यांच्या घरी जाऊ लागला. तोही त्याच भागात वाढलेला, तेलुगू बोलणारा. शाळेचा विषय काढायचा नाही, उपदेश करायचा नाही आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी जायचं, एवढंच त्याला सांगितलं होतं. सुरुवातीला मुलगा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. कार्यकर्ता आईशी गप्पा मारत विड्यांचे कट्टे बांधू लागायचा. एकदा त्याची दोऱ्याची गाठ सुटली, तेव्हा मुलगा उठला, त्याच्या हातातून कट्टा घेतला आणि न बोलता बांधून दिला. आईच्या लेखी आळशी असलेलं हे पोरगं रोज रात्री तिचे कट्टे बांधून ठेवत होतं. तिला ते काम वाटत नव्हतं, म्हणून तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं.

पुढे एक गोष्ट लक्षात आली. आईच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला आणि ती त्याला वाचायला सांगू लागली. त्याने फोन बघितला न बघितला आणि धाकट्या बहिणीकडे सरकवला. स्वतःच्या फोनवर तो कधीच टाइप करत नसे, माइकचं बटण दाबून तेलुगूत बोलायचा. नववीपर्यंत गेलेल्या या मुलाला मराठी अक्षर अक्षर जोडूनच वाचता येत होतं. वर्गात उभं करून धडा वाचायला लावतात, त्या भीतीने त्याची शाळा सुटली होती. मोबाइलचं वेड नंतर आलं.

शिक्षणहक्क कायदा २००९चा, तो ६ ते १४ या वयापुरता. हा मुलगा आठवीपर्यंत पुढे सरकत राहिला, हजेरीपटावर नाव होतं, म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. अडला तेव्हा कायद्याच्या वयाबाहेर गेलेला होता, आणि तो घरी का बसला हे विचारायला त्या दारात कुणी आलं नाही. अशी मुलं ‘सापडत नाहीत’ असं बैठकांमध्ये म्हणतात तेव्हा मला राग येतो. ती आपापल्या घरातच असतात.

त्याला माझ्या खोलीत बोलावून समुपदेशन करण्यापेक्षा कुणाच्या देखत न होणारं वाचन शिकवणं जास्त गरजेचं होतं. संध्याकाळी केंद्र रिकामं झालं की कार्यकर्ता त्याला घेऊन बसायचा. पुस्तक नव्हतंच. तो मोबाइलवर मोटर रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटरला नवीन तार गुंडाळायचे व्हिडिओ बघायचा, म्हणून मोटरवरची पाटी, तारेच्या गेजचा म्हणजे जाडीचा तक्ता, दुकानाचं बिल, हेच वाचायला घेतलं. ओळखीच्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात थोडा वेळ बसायची सोय केली. मालकाला बजावलं होतं, की हा नोकर नाही, वय अठराच्या आत आहे, चालू लाइनला आणि वॉर्निशच्या भट्टीपाशी हात लावू द्यायचा नाही.

दसऱ्यानंतर तो यायचा बंद झाला. दुकानातल्या एका पोराने त्याच्या वाचण्याची नक्कल केली होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण कार्यकर्त्याने त्याला कारण विचारलंच नाही. तो ठरलेल्या वारी घरी गेला आणि कट्टे बांधत बसला. दिवाळी झाल्यावर मुलगा आपणहून परत आला. म्हणूनच अशा केंद्रांना पैसे देणाऱ्यांना मी कळकळीने सांगते, की माणूस बदलू नका. वर्षाचा प्रकल्प संपला की कार्यकर्ता जातो, नवीन येतो आणि मुलाला पुन्हा पहिल्यापासून ओळख करावी लागते. या मुलांना आधीच बरीच माणसं सोडून गेलेली असतात.

आयांसाठी एक सांगते. या काळात आईला मी दोनच कामं दिली होती. चुलतभावाशी तुलना बंद करायची आणि दिवसातलं एक जेवण त्याच्यासोबत करायचं. तिला दुसरं जास्त जड गेलं, कारण हजार विड्यांचा हिशोब पुरा झाल्याशिवाय ती मांडीवरचं सूप खाली ठेवत नसे.

मध्यंतरी वडील पहिल्यांदा केंद्रावर आले, रात्रपाळी करून तसेच. दहावी झाली नाही तर आयटीआय मिळतं का, हे त्यांना विचारायचं होतं. दहावी नापास मुलांना वेल्डरसारख्या काही ट्रेडना प्रवेश मिळतो, इलेक्ट्रिशियनला मात्र दहावी पास लागते. दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं, ते नको असेल तर मुक्त विद्यालयाचा रस्ता आहे. एवढं सांगून मी म्हटलं, ठरवताना मुलाला समोर बसवा. मुलाचं म्हणणं आहे, की अजून एक वर्ष वाचायला शिकू द्या, मग फॉर्म भरतो. वडिलांना यंदाच हवाय. बोलणी चालू आहेत.