नोटीस ९० दिवसांची, ऑफर हातात नाही: पेपर टाकू का?

थोडक्यात तुमची परिस्थिती अशी: हिंजवडीत एकाच सर्व्हिस कंपनीत (दुसऱ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या) चार वर्षं सात महिने, काम मॅन्युअल टेस्टिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने तपासण्याचं, नोटीस ९० दिवसांची, डोक्यावर फ्लॅटचा हप्ता. एचआरचे फोन येतात, पण ‘नव्वद’ ऐकलं की तिकडून ‘कळवतो’ म्हणून फोन ठेवतात. मित्र म्हणतोय, आधी पेपर टाक, म्हणजे राजीनामा दे, शेवटच्या महिन्यात ऑफर धावत येतील.

आत्ता टाकू नका. दोन महिन्यांनी टाका, आणि तेव्हाही शक्यतो ऑफर घेऊनच.

मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये. सर्व्हिस कंपनीला क्लायंटकडची जागा भरेपर्यंत त्या जागेचं बिल लावता येत नाही. म्हणून ‘तीस दिवसांच्या आत’ असा फिल्टर लावूनच रिक्रूटर नोकरी डॉट कॉम उघडतो आणि तुमचं प्रोफाइल त्याला दिसतसुद्धा नाही. प्रॉडक्ट कंपन्या आणि परदेशी बँकांची खराडी-मगरपट्ट्यातली स्वतःची सेंटर्स यांना एवढी घाई नसते. माणूस आवडला तर तिथे साठ-नव्वद दिवस थांबतात. तुम्हाला येणारे फोन बहुतेक पहिल्या प्रकारचे दिसतात.

आता तारखांचं गणित. आज पेपर टाकलात तर शेवटचा दिवस चार वर्षं दहा महिन्यांवर येतो. ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) कायम नोकरीत सलग पाच वर्षं लागतात, आणि मोजतात ती शेवटच्या दिवसापर्यंत, राजीनाम्याच्या तारखेपर्यंत नाही. बेसिक, म्हणजे मूळ पगार, ३०,००० धरलं तर दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा: ३०,००० गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले पाच, म्हणजे साधारण ८६,५०० रुपये. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका निकालाचा आधार घेऊन काही कंपन्या चार वर्षं २४० दिवसांवरही देतात, काही सरळ नाही म्हणतात. तुमच्या एचआरकडून ते ईमेलवर लेखी मिळत असेल तरच त्यावर विसंबा. दोन महिने थांबून पेपर टाकलात तर नोटीस संपता संपता पाच वर्षं भरतात. त्यातही चार-आठ दिवस जास्तच ठेवा, कारण नोटीस चालू असताना मॅनेजर ‘लवकर सोडतो’ म्हणाला की आपण खुशीत हो म्हणतो.

म्हणजे हे दोन महिने तसेही थांबायचेच आहेत. त्यात काय करायचं, हे मला नोटीसपेक्षा महत्त्वाचं वाटतं. मी टेस्टिंगच्या इंटरव्ह्यू पॅनेलवर बसतो. साडेचार वर्षांच्या माणसाच्या रेझ्युमेवर ‘सेलेनियम’ (टेस्ट आपोआप चालवायचं टूल) असतंच. ‘इम्प्लिसिट वेट असताना एक्स्प्लिसिट वेट कशाला लागला?’ (पानावरची गोष्ट दिसेपर्यंत थांबायचे हे दोन प्रकार) एवढं विचारलं की निम्मे जण गप्प होतात, कारण फ्रेमवर्क, म्हणजे टेस्टचा सांगाडा, दुसऱ्याने लिहिलेलं असतं आणि यांनी फक्त रन केलेलं असतं. तुम्ही स्वतःच्या लॅपटॉपवर एखादी डेमो साइट घेऊन सेलेनियम-जावा किंवा तशाच प्लेराइट या टूलमध्ये वीस-पंचवीस टेस्ट लिहा, गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाका. पोस्टमन या टूलमधून एपीआय (दोन प्रोग्रॅममधला दुवा) तपासा, आणि एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतले जॉइन न अडखळता लिहिता येऊ द्या. कुठल्याशा क्लासचं सर्टिफिकेट मी वाचतही नाही. (क्लासवाला ‘दोन वर्षांचा ऑटोमेशनचा अनुभव दाखवून देतो’ म्हणाला तर तिथून निघा. पीएफच्या पासबुकात कोणत्या महिन्यात कोणत्या कंपनीने पैसे भरले ते लख्ख दिसतं, आणि बॅकग्राउंड तपासणीवाले तेच बघतात.)

या काळात इंटरव्ह्यू द्या, नव्वद दिवस खरे सांगूनच. टेक्निकल राउंड पार करून नोटीसवर गाडी अडत असेल तर दोष नोटीसचा. टेक्निकलमध्येच बाद होत असाल, तर पेपर टाकून काही बदलणार नाही, उलट हप्त्याच्या दडपणाखाली पहिली मिळेल ती ऑफर घ्याल.

अपॉइंटमेंट लेटर काढून नोटीसचं कलम आजच वाचा. ‘नोटीस किंवा त्याबदल्यात पगार’ असं असेल तर पैसे भरून लवकर निघण्याला आधार आहे; ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ हे शब्द असतील तर मॅनेजरच्या हातापाया पडणं आलं. न भरलेल्या नोटीसची वसुली बेसिकवर आहे की ग्रॉसवर (एकूण पगारावर), यातही बराच फरक पडतो. नवी कंपनी बायआउट (उरलेल्या नोटीसचे पैसे) देते म्हणाली तर ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, आणि वर्षाच्या आत सोडल्यास परत मागणार का, हेही विचारा.

ऑफर आली की सीटीसीच्या (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आकड्याला भुलू नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी असते, व्हेरिएबल (कमी-जास्त होणारा भाग) असतं. दर महिन्याला हातात किती, एवढा एकच आकडा लेखी मागा. व्हेरिएबल गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिलं, हेही विचारा. उत्तर देताना एचआर घुटमळली की समजून जा.

जॉइन झाल्यावर जुन्या कंपनीतलं या आर्थिक वर्षाचं उत्पन्न नव्या कंपनीला कळवा. नाहीतर दोन्हीकडे करसवलत धरून टीडीएस (पगारातून कापला जाणारा कर) कमी कापला जातो आणि रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते. पीएफ काढू नका, ट्रान्स्फर करा. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, तोच राहतो.

पेपर टाकाल त्याच दिवशी नोकरी डॉट कॉमवर ‘सर्व्हिंग नोटीस पीरियड’ निवडून शेवटच्या दिवसाची तारीख भरा. ‘इमिजिएट जॉइनर’ मात्र खोटं टाकू नका. पहिल्याच फोनवर ते उघडं पडतं.