थोर पुरातत्त्वज्ञ कोण, आणि त्यांनी नेमकं काय केलं?

तुम्ही विचारलंय की जगातले आणि आपल्याकडचे थोर पुरातत्त्वज्ञ कोण, त्यांनी काय शोधलं, आणि दहावीतल्या मुलीला या विषयाची ओढ असेल तर सुरुवात कुठून करावी. तुम्ही सोलापूरचे आहात असंही लिहिलंय. मीही सोलापूरचीच, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं आजोळ मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठी. गावाला लागूनच पांढरीचं टेकाड. पावसाळ्याआधी माळवदावर टाकायला सगळं गाव तिथलीच माती आणायचं. आजोबा माती चाळून घ्यायचे. चाळणीत उरलेल्या खापऱ्या, बांगड्यांचे तुकडे, हाडं उकिरड्यावर जायची. माणसं शेकडो वर्षं एकाच जागी राहिली की चुलीची राख, पडलेल्या मातीच्या भिंती, शेण, केरकचरा यांचे थर साचून पांढरी तयार होते, आणि जुनी वस्ती शोधणारे आधी हेच टेकाड हुडकतात, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही जे फेकत होतो, तेच या शास्त्राचं भांडवल. म्हणून माझ्या लेखी थोर तो, ज्याने टाकून दिलेलं वाचायला शिकवलं. सोनं सापडलेली नावं तुम्हाला कुठेही मिळतील.

हाइनरिख श्लीमानचंच बघा. होमरच्या ट्रॉयच्या शोधात त्याने तुर्कस्तानातल्या हिसारलिकच्या टेकडीतून भलामोठा चर खणला. 1873 मध्ये त्याला सोन्याचा साठा मिळाला आणि तो ट्रॉयचा राजा प्रायम याचाच, असं त्याने जाहीर केलं. प्रत्यक्षात ते सोनं ट्रॉयच्या युद्धाचा जो काळ मानतात त्याच्याही हजार वर्षांहून अधिक आधीचं निघालं. खाली पोचायच्या घाईत वरचे थर उद्ध्वस्त झाले होते, आणि तो शोधत होता ते शहर त्या वरच्या थरांतच होतं. याउलट फ्लिंडर्स पेट्री. इजिप्तमधल्या शेकडो थडग्यांवर सनावळी नव्हती, तर त्याने भांड्यांचे घाट कसकसे बदलत गेले ते पाहून थडग्यांचा क्रम लावला. खापरीला किंमत आली ती त्याच्यामुळे. पुढे 1949 च्या सुमारास विलार्ड लिबीने कार्बन-14 ची पद्धत दिली आणि जळक्या धान्याच्या दाण्यावरूनही वय काढता येऊ लागलं. तो रसायनशास्त्रज्ञ होता, पण या यादीत त्याला जागा हवीच.

आपल्याकडे अलेक्झांडर कनिंगहॅमने ह्युएनत्संगाच्या प्रवासवर्णनाचा माग काढत श्रावस्तीसारखी ठिकाणं ओळखली. हडप्पालाही तो जाऊन आला होता, तिथली मुद्राही त्याने छापली, पण तिचं वय त्याच्या लक्षात आलं नाही. ते कळायला 1921 मध्ये दयाराम साहनी आणि 1922 मध्ये मोहेंजोदडोला राखालदास बॅनर्जी यांची कुदळ लागावी लागली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, आणि बॅनर्जी ज्या पश्चिम विभागाचे अधिकारी होते त्याचं कार्यालय पुण्यात. पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी 1924 मध्ये जगाला सिंधू संस्कृतीची ही बातमी दिली. मग 1944 मध्ये त्याच पदावर मॉर्टिमर व्हीलर आले. चौकोनी खड्डे, मध्ये न खणता राखलेले बांध, त्या बांधांच्या उभ्या छेदात दिसणारे थर, ही शिस्त त्यांनी तक्षशिलेच्या वर्गात आपल्या तरुणांना लावली.

आता माझ्या आवडीची माणसं. डॉ. ह. धी. सांकलिया 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. जोर्वे, नेवासे इथल्या उत्खननांमुळे लेण्यांच्या आणि सातवाहनांच्या आधीचा महाराष्ट्र दिसू लागला. गुजरातेतल्या लांघणज इथे त्यांच्याबरोबर इरावती कर्वेही होत्या. आणि सगळ्यात मोठं काम इनामगावचं. शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी, 1968 ते 1983. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर.

इनामगावात राजवाडा नाही, सोनं नाही. शेतकऱ्यांची घरं आहेत, इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातली. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखालची पावलं तोडलेली. आणि शेवटच्या टप्प्यात, इसवी सनापूर्वी 1000 नंतर, ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती आटते, शिकारीची हाडं वाढतात. ढवळीकरांनी त्यात पाऊस हटल्याचं, दुष्काळाचं चित्र पाहिलं. घराच्या आकारावरून तीन हजार वर्षांपूर्वीचा दुष्काळ वाचणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

मुलीला आधी तेरला घेऊन जा. लोक गोरोबाकाकांसाठी जातात, तसे तुम्हीही जा. कुंभाराच्याच गावात खापऱ्या बघायला मिळतात. हे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात इथून भडोचला कापड जात असे अशी नोंद आहे. हेन्री कझिन्सने तिथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर मूळचं बौद्ध चैत्यगृह असल्याचं ओळखलं. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं वेचून जपलेल्या वस्तूंवर आजचं संग्रहालय उभं आहे. हस्तिदंती बाहुलीपाशी गर्दी असते. मुलीला मडक्यांपुढेही जरा वेळ उभं राहू द्या.

मग भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल. तिथल्या देवळातला शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी लेख आपल्या सोलापूरच्या आनंद कुंभारांनी उजेडात आणला. ते पुरातत्त्व खात्यातले अधिकारी नव्हते. गावोगाव हिंडून शिलालेख गोळा करणारे अभ्यासक होते. ‘वाछि तो विजेया होइवा’, जो वाचेल तो विजयी होईल, ही ओळ तिला स्वतः शोधू द्या. पदवीनंतर तिची ओढ टिकली तर डेक्कन कॉलेजात एम.ए. आहेच.

आजोळी गेल्या वर्षी गेले होते. रस्त्यासाठी पांढरीची एक बाजू जेसीबीने कापलीय. त्या छेदासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदाच ती मला वाचता आली: राखेचा काळा पट्टा, वर चोपलेली पिवळी जमीन, पुन्हा राख, पुन्हा जमीन. चार जमिनी मोजल्या. मोबाइलवर फोटो काढले, शेजारी मापाला घरातली फूटपट्टी उभी केली, जागा वहीत टिपली. उरलेली बाजू कापू नये म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज दिलाय, अजून उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. तुमच्या मुलीला यायचं असेल तर जरूर या.