‘वाचाळ’ आणि ‘बोलकी’

प्रश्न : माझ्या तिसरीतल्या मुलीच्या प्रगतीपुस्तकात ‘हुशार, पण वाचाळ’ असा शेरा आला आहे. ‘वाचाळ म्हणजे बोलकी, एवढेच,’ असे तिच्या बाई म्हणाल्या. आमच्या घराचा सौदा चालू असल्याचे मुलीने ऑटोवाल्या काकांना सांगून टाकले, तेव्हापासून सासूबाई ‘इच्या तोंडात तीळ भिजत नाही’ असे म्हणतात आणि वाचाळचा अर्थही तोच, असे सांगतात. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत ‘वाचाळवीर’ वाचते, तेव्हा तर हा शब्द मला शिवीसारखा वाटतो. त्याचा खरा अर्थ कोणता आणि तो आला कोठून?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : हा शब्द तुम्हाला बोचला, यात तुमची चूक नाही. ‘वाचाळ’ म्हणजे संस्कृतातील ‘वाचाल’. फलचे फळ आणि कमलचे कमळ झाले, तसाच येथेही ‘ल’चा ‘ळ’ झाला. मूळ शब्द ‘वाच्’, म्हणजे वाणी. पाणिनीच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथातील पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात या वाणीपासून शब्द घडवणारी दोन सूत्रे लागोपाठ येतात. १२४व्या सूत्राने ‘वाग्मी’, म्हणजे उत्तम बोलणारा, हा शब्द सिद्ध होतो, तर ‘आलजाटचौ बहुभाषिणि’ या १२५व्या सूत्राने ‘वाचाल’ आणि ‘वाचाट’ हे शब्द सिद्ध होतात. सूत्रात ‘पुष्कळ बोलणारा’ एवढेच म्हटले आहे; परंतु त्यावरील काशिकावृत्ती ही टीका बजावते की हे प्रत्यय निंदेच्या अर्थीच लावावेत, कारण जो पुष्कळ पण नीट बोलतो, तो वाग्मीच ठरतो. अमरकोश या संस्कृत शब्दकोशानेही वाचालाला ‘बहुगर्ह्यवाक्’ म्हटले आहे, म्हणजे ज्याचे बोलणे पुष्कळही आहे आणि निंद्यही आहे असा. ‘मूकं करोति वाचालम्’, म्हणजे (देवाची कृपा) मुक्यालाही बोलका करते, या गीताध्यानाच्या श्लोकात मात्र हाच शब्द चांगल्या अर्थाने येतो; पण मराठीने उचलला तो निंदेचा अर्थ. दोष ‘आळ’ या शेवटात आहे असेही नाही, कारण दुधाळ गाय आणि मधाळ आवाज यांत कोणी निंदा पाहत नाही.

सासूबाईंची म्हण अस्सल आहे, पण तिचा अर्थ वेगळा आहे. जिभेवर तीळ ठेवून तोंड मिटले, तर तो भिजायला कितीसा वेळ लागणार? तेवढा वेळही ज्याचे तोंड मिटलेले राहत नाही, त्याच्याजवळ गुपित टिकत नाही. दिवसभरात चारच वाक्ये बोलणाऱ्याच्या तोंडातही तीळ न भिजणे शक्य आहे, आणि अखंड बडबडणारा माणूसही घरची गोष्ट पोटात ठेवू शकतो. म्हणून वाचाळपणा आणि गुपित फोडणे ही एकच गोष्ट नव्हे. चहाडी तर आणखी निराळी, कारण तिच्यात दुसऱ्याचे वाईट करण्याचा हेतू असतो. ऑटोवाल्या काकांना घराची बातमी देणाऱ्या लेकराच्या मनात तो कोठून येणार?

‘वाचाळवीर’ हा शब्द वर्तमानपत्रांनी जरा सैल हाताने वापरला आहे, असे मला वाटते. एरवी तोलून बोलणारा एखादा माणूस एकदा भलते बोलून गेला, तर त्याची जीभ घसरली म्हणावे. जो रोज बोलतो आणि रोज तसेच बोलतो, त्यालाच वाचाळ म्हणणे अमरकोशाच्या व्याख्येत बसते.

राहिला शेरा. बोलकी मुलगी, बोलके डोळे, बोलका चेहरा या सर्वांत कौतुक आहे, तेव्हा बाईंना खरोखर तेच म्हणायचे असेल, तर ‘बोलकी’ हा शब्द मराठीत तयारच आहे. मुलगी वर्गात शिकवणे चालू असताना बोलत असेल, तर ‘पाठ चालू असताना बोलते’ असे सरळ लिहिता येते. शेरा बदलून देण्याची विनंती तुम्ही बाईंना निःसंकोचपणे करावी.