वाचकांचे प्रश्न : निर्यात शुल्क, काजू आणि गोव्यातला रोजगार

प्रश्न : गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी न्यायालयाच्या आदेशांमुळे बंद पडल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही आमच्याकडचे ट्रकमालक केंद्राच्या निर्यात शुल्कालाही दोष देतात. त्यात तथ्य आहे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : तथ्य आहे, मात्र दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. २०१२ ची बंदी बेकायदा उत्खननामुळे आली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे (खाणकामासाठी भाड्याने दिलेल्या जमिनींचे) नूतनीकरण रद्द केले ते सदोष प्रक्रियेमुळे; व्यापार धोरणाचा त्यात हात नव्हता. शुल्काचा फटका निराळा आहे. गोव्याचे बहुतेक खनिज ५८ टक्क्यांहून कमी लोहांशाचे असते. देशातल्या पोलाद कारखान्यांना ओडिशा, छत्तीसगड, कर्नाटकातून चांगल्या प्रतीचा माल मिळत असल्यामुळे त्यांनी गोव्याच्या मालाला फारशी मागणी केली नाही, आणि तो मांडवी-झुवारी नद्यांतून बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू बोटीने) मुरगाव बंदराला व तिथून मुख्यतः जपान आणि चीनला जात राहिला.

लोहखनिजाचा जागतिक भाव ऑस्ट्रेलिया आणि ब्राझील यांच्या पुरवठ्यावर आणि चीनच्या मागणीवर ठरतो. त्यामुळे आपल्या सरकारने शुल्क वाढवले म्हणून परदेशी ग्राहक जास्त पैसे देत नाही. तो भार निर्यातदारावर पडतो, निर्यातदार तो वाहतुकीच्या दरात आणि कंत्राटात खाली ढकलतो, आणि शेवटी ट्रकचालक, क्लीनर, बार्जवरचा खलाशी, गॅरेजवाला यांच्या मिळकतीत तो दिसतो. २०११ च्या अखेरीस शुल्क २० वरून ३० टक्के झाले. कमी प्रतीच्या मालावर ते २०१५ मध्ये १० टक्क्यांवर आले आणि २०१६ मध्ये पूर्ण उठले. पुढे २२ मे २०२२ रोजी, देशात पोलाद स्वस्त राहावे म्हणून, सर्व प्रतींच्या खनिजावर ५० टक्के शुल्क लागले. त्या वेळी गोव्यातले पट्टे बंदच होते, पण आधी काढून ठेवलेल्या आणि लिलावात विकल्या जाणाऱ्या मालाची निर्यात हाच थोडाफार आधार होता. कमी प्रतीच्या मालावरचे शुल्क नोव्हेंबरमध्ये मागे घेतले गेले.

देशाने आपले खनिज स्वतःच्या कारखान्यांसाठी राखावे, हा हेतू मला मान्य आहे. परंतु ज्या मालाला देशात गिऱ्हाईकच नाही, त्यावर तोच नियम लावल्याने कारखान्याचे काही भले होत नाही आणि मजूर मात्र रिकामा बसतो. हेही सांगितले पाहिजे की चीनच्या मागणीच्या तेजीत कर्ज काढून घेतलेले ट्रक आणि खाणींच्या गाळाने भरलेली शेते, दोन्ही याच निर्यातीची फळे होती.

प्रश्न : परदेशी काजूबियांवर जबर शुल्क लावले तर आम्हा बागायतदारांना दर मिळेल. सरकार ते का करत नाही?
– एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : कारण गोव्यातले काजू कारखाने वर्षभर इथल्या बियांवर चालत नाहीत. हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. उरलेले महिने आफ्रिकेतून आणलेल्या बिया फोडून कारखान्यातल्या बायकांना काम मिळते, आणि त्यांतल्या कित्येक तुमच्याच गावच्या असतात. २०१८ च्या अर्थसंकल्पात न सोललेल्या बियांवरचे आयात शुल्क ५ वरून २.५ टक्के केले गेले, ते कारखान्यांच्या मागणीवरून. उलट, सोललेल्या गरांसाठी २०१९ मध्ये किमान आयात किंमत (जिच्याखाली माल आणता येत नाही ती) किलोमागे अख्ख्या गराला ७२० आणि तुकड्याला ६८० रुपये ठरवली, त्यामुळे सोलणीचे काम काही प्रमाणात देशात टिकले.

माझ्या मते वर्षभर एकच शुल्क ठेवण्यापेक्षा आपल्या हंगामात ते चढे आणि पावसाळ्यापासून उतरते असावे. युरोपीय संघ काही फळभाज्यांसाठी असे हंगामी शुल्क लावतो. तोवर २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा (त्या भागातल्याच मालाला ते नाव वापरण्याच्या हक्काचा) उपयोग करून घ्यावा. आयात बियांचे गर ‘गोव्याचे काजू’ म्हणून विकले गेले तर मानांकनाचा लाभ बागायतदारापर्यंत पोहोचणार नाही, म्हणून अशा विक्रीविरुद्ध आपल्या सोसायटीमार्फत लेखी तक्रार करावी.