पाय थांबले, आता नुसतं तोंड उरलं?

मी समुपदेशक. ‘आता माझी काय किंमत?’ हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. दर्यावर जाणं थांबवलेला तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख, विचारतो, निवृत्त मुख्याध्यापिका विचारतात, कलमांची बाग मुलाच्या हाती सोपवलेले बागायतदार विचारतात. त्यांच्याशी बोलताना मला एका फुटबॉलपटूचा अनुभव फार उपयोगी पडतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सावंतवाडीकडचे हे गृहस्थ. शेजारी गोवा, त्यामुळे अंडरआर्म क्रिकेटच्या मुलखात राहूनही फुटबॉलचं वेड लागलं. गोव्यात पंधरा वर्षं स्टॉपर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू, म्हणून खेळले. गुडघ्याचा लिगामेंट फाटला. शस्त्रक्रिया झाली, पण झटकन वळताना पायाचा भरवसा राहिला नाही आणि चाळिशीच्या आत खेळ संपला. मग एका वाहिनीनं सामन्यांचं विश्लेषण करायला बोलावलं. नाव झालं, पैसे मिळू लागले. घरी मात्र कार्यक्रमाच्या आदल्या रात्री झोप नाही आणि नंतर दोन दिवस अबोला. शेवटी बायकोनं माझ्याकडे पाठवलं.

“मॅडम, गावात म्हणतत, खेळूक जमणा नाय, आता बोलूक बसलो. खरा आसा ता. पाय गेले, आता नुसता तोंड ऱ्हवला.”

सुरुवातीच्या भेटींत मी त्यांना गुडघ्याबद्दलच बोलू दिलं. ‘टीव्हीवर दिसतोस, आणखी काय पाहिजे?’ असं म्हणून घरचे नेमकं हेच बोलणं तोडतात. आपला जो अवयव आपलं नाव होता, त्याचं दुःख आधी पूर्ण सांगून व्हावं लागतं. ते दाबलं की चिडचिड आणि रात्रीची बाटली या वाटेनं बाहेर येतं.

मग एके दिवशी मी विचारलं, “नव्वद मिनिटांत चेंडू तुमच्या पायाशी किती वेळ असायचा?”

“दोन मिनटां. तीसुद्धा नाय.”

“उरलेला वेळ काय करायचात?”

“बघी होतंय. नि आरडी होतंय.”

“काय ओरडायचात?”

“लाइन वर घेवा. डाव्याक सरक. मागे माणूस आसा. आमका मागसून सगळा मैदान दिसता, फुडच्यांका मागचा दिसणा नाय. सांगूचाच लागता.”

एवढं बोलून ते थांबले. मीही काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, “म्हणजे मी तेव्हासुद्धा बोलीच होतंय.”

हे वाक्य त्यांचं त्यांना सापडलं, याचं मला फार समाधान आहे. पाय म्हणजे काम आणि तोंड म्हणजे उरलेला गाळ, असा हिशेब त्यांनी मनात पक्का केला होता. खरं तर न बोलणारा स्टॉपर कितीही चपळ असला तरी बचावाची रेषा मोडते: चौघांतला एक जण मागे रेंगाळतो आणि समोरचा फॉरवर्ड ऑफसाइडमधून, म्हणजे पास मिळताना बचावाच्या रेषेपलीकडे असल्याच्या नियमभंगातून, सुटतो. बोलणं हा त्यांच्या कामाचा निम्मा भाग होता. आता फक्त ऐकणारे बदलले. माणसाला घटनेपेक्षा तिच्याविषयी मनात कोरलेलं वाक्य जास्त छळतं, असं मी मानते. ते वाक्य समुपदेशकानं खोडलं तर आठवडाभर टिकतं. ज्याचं त्यानं खोडलं तर पुन्हा उगवत नाही.

पण आदल्या रात्रीची भीती होतीच. “चुकलंय तर?” ही भीती बचावपटूंना जरा जास्तच असते. फॉरवर्डच्या नऊ संधी हुकल्या आणि दहावी साधली तर जयजयकार होतो. बचावपटूनं नऊ वेळा वाचवलं आणि दहाव्यांदा घसरला तर लोकांना तेवढंच आठवतं. शून्य चुकांची ही मागणी घेऊनच ते स्टुडिओत बसत होते.

त्यांना मी अ‍ॅलन हॅन्सनची आठवण करून दिली. लिव्हरपूलचा हा बचावपटू पुढे बीबीसीवर विश्लेषक झाला. ऑगस्ट १९९५मध्ये मँचेस्टर युनायटेड अ‍ॅस्टन व्हिलाकडून ३-१ असा हरला, तेव्हा त्या संघातल्या तरुण खेळाडूंकडे बोट दाखवत, पोरांच्या जोरावर काही जिंकता येत नाही, असं तो ठामपणे बोलला. त्याच हंगामात त्या संघानं इंग्लंडची लीगही जिंकली आणि एफए कप ही तिथली मोठी स्पर्धाही. हॅन्सन तरीही २०१४पर्यंत त्याच कार्यक्रमात होता. त्या पोरांतलाच गॅरी नेव्हिल २०११मध्ये निवृत्त होऊन टीव्हीवर आला. डिसेंबर २०१५मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया क्लबचा प्रशिक्षक झाला, चार महिन्यांच्या आत पद गेलं, आणि तो पुन्हा विश्लेषणाकडे वळला. लोक त्याचं आजही ऐकतात, कारण गोल का झाला ते तो पडद्यावर जागा दाखवून समजावतो.

मग सराव ठरवला. गोलाची क्लिप आवाज बंद करून बघायची. गोलापासून दहा-पंधरा सेकंद मागे जायचं, कारण चूक बहुतेकदा तिथे झालेली असते. तीनच वाक्यं बोलायची: काय झालं, कुठून सुरू झालं, दुसरं काय करता आलं असतं. निर्णयावर बोलायचं, पोरावर नाही. ‘त्याने चेंडू बघितला, माणूस सोडला’ हे चालेल. ‘तो आळशी आहे’ हे नाही. इथे प्रत्येक पोराचा बाप बाजारात भेटतो! ‘मी असतो तर’ पूर्ण बंद. त्या तीन शब्दांनी ऐकणारा दुरावतो आणि बोलणाऱ्याची जखम उघडते. आदल्या रात्री तीन मुद्दे लिहून नऊला वही मिटायची. दोनेक महिन्यांत झोप परतली.

तुमचा प्रश्न असाच असेल तर एक तास काढून जुन्या कामातली फक्त क्रियापदं लिहा. पद, पुरस्कार, पगार नको. ते लिहिले की यादीची जाहिरात होते आणि हाती काही लागत नाही. तांडेलानं लिहिलं होतं: वारा बघणं, जाळं कुठे टाकायचं ते ठरवणं, जाळं ओढणं, खलाशांची भांडणं मिटवणं, डिझेलचा हिशेब. शरीरानं नाकारलेलं खोडा. त्यांचं फक्त जाळं ओढणं खोडलं गेलं. उरलेलं कोणाला हवंय, ते आठवड्यात दोन माणसांना प्रत्यक्ष भेटून विचारा. घरात बसून अंदाज बांधला तर उत्तर ‘कोणालाच नको’ असंच येतं.

मात्र झोप, भूक आणि कशातलाही रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेला असेल, पिणं वाढलं असेल किंवा मरणाचे विचार येत असतील तर यादीवर थांबू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, रात्रीसुद्धा.