शेवटचं पान आधी वाचणारी मुलगी

आई मुलीच्या वाचनाबद्दल सल्ला विचारायला आली ती तक्रारींची यादी घेऊनच. मुलगी दहा वर्षांची. गेलं वर्षभर नॅन्सी ड्रू या हौशी गुप्तहेर मुलीच्या इंग्रजी रहस्यकथांशिवाय दुसरं काही वाचत नाही. वाचून झालेलीच पुन्हा वाचते. नवं पुस्तक हातात पडलं की आधी शेवटचं प्रकरण उघडते. "ताई, चोर कोण ते आधीच बघायचं, मग वाचायचं तरी कशाला? आणि एवढी पुस्तकं वाचून उताऱ्यावरच्या प्रश्नांत मार्क जातातच." पुस्तकं कपाटात ठेवून कुलूप लावण्याचा उपाय करून झाला होता. दोन दिवसांनी त्यातलंच एक उशीखाली सापडलं.

ही काळजी घेऊन बरेच पालक येतात, मालिकेचं नाव तेवढं बदलतं. मात्र तिच्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेले असतात, ते आधी सोडवून घ्यावे लागतात.

एकच मालिका वाचणं हा त्यातला सोपा प्रश्न. अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी 1914 मध्येच अशा मालिकांवर जहाल लेख लिहिला होता. म्हणजे चिंता शंभर वर्षांहून जुनी आहे. 1995 मध्ये कॅथरीन रॉस या अभ्यासिकेने वाचनाची मनापासून आवड असलेल्या मोठ्या माणसांच्या मुलाखतींवर लिहिलं, तेव्हा त्यांतल्या अनेकांच्या बालपणी मालिका वाचण्याचा असाच एक काळ होऊन गेलेला दिसला.

मालिका मुलांना का धरून ठेवते, याचं कारण साधं आहे. नॅन्सी, तिचे वकील वडील, घर सांभाळणारी हॅना, मैत्रिणी बेस आणि जॉर्ज ही माणसं प्रत्येक पुस्तकात नव्याने ओळखून घ्यावी लागत नाहीत. (जॉर्ज ही मुलगी आहे हे कळेपर्यंत बऱ्याच मुलांचा गोंधळ होतो, तेवढं सुरुवातीलाच सांगून टाकावं.) 1930 पासून ही पुस्तकं स्ट्रेटमायर सिंडिकेट या मुलांच्या मालिका तयार करणाऱ्या अमेरिकी संस्थेने कथानकाचा आराखडा हातात देऊन वेगवेगळ्या लेखकांकडून लिहून घेतली आणि सगळी कॅरोलिन कीन या एकाच टोपणनावाने छापली. साचा पक्का असल्यामुळे मुलाची शक्ती 'हे काय चाललंय' यात न जाता पुढे काय होतं यात जाते. नुकतंच सलग वाचायला लागलेल्या मुलासाठी हा मोठा आधार असतो.

दुसरा प्रश्न शेवटाचा, आणि या मुलीचं खरं दुखणं तिथे होतं. त्यासाठी ती वाचते कशी, हे बघणं भाग होतं.

तिने न वाचलेल्या भागातलं साधारण शंभर शब्दांचं एक पान तिला मोठ्याने वाचायला दिलं. अडलेले शब्द तीन. पाचपर्यंत अडले तर पुस्तक झेपतंय असं धरायला हरकत नाही, दहाच्या घरात गेले तर ते अजून जड आहे. ओळी गळत नव्हत्या, बोट ठेवावं लागत नव्हतं, डोळे चोळणं नव्हतं. (यातलं काही दिसलं असतं तर आधी डोळ्यांची तपासणी, बाकी सगळं नंतर.) मग एक प्रकरण मनात वाचून गोष्ट सांगायला सांगितली. संवाद तिला जवळजवळ तोंडपाठ होते. खोलीचं वर्णन, कोण कधी आलं, कुणाच्या बुटाला चिखल होता, यातलं काहीच आलं नाही. आधीच वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल विचारलं, "चोर कसा सापडला?" उत्तर आलं, "नॅन्सीला कळलं."

या दोन शब्दांत सगळं आलं. रहस्यकथेतला धागा लेखक बहुतेक वेळा वर्णनातच दडवतो, आणि ही मुलगी वर्णनावरून उडी मारून संवादावर जात होती. त्यामुळे शेवटचा उलगडा तिच्या लेखी जादू होता. तर्क करण्यात तिचा वाटाच नव्हता. उताऱ्याच्या प्रश्नांत मार्क जाण्याचं कारणही तेच.

मग शेवट आधी का वाचतेस, असं विचारलं. ती म्हणाली, "मध्ये खूप नवी माणसं येतात. शेवट वाचला की कुणाला लक्षात ठेवायचं ते कळतं."

आईला हे नवीन होतं. मुलगी उतावीळ नव्हती. पाच-सहा संशयितांची गर्दी डोक्यात मावत नव्हती, म्हणून तिने स्वतःच काढलेली ती वाट होती. तिच्यावर बंदी घातली की गर्दी तशीच राहते, आधार मात्र जातो.

शेवट कळल्याने गोष्टीची मजा जाते, हेही दिसतं तितकं सरळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी 2011 मध्ये 12 लघुकथांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यांत रहस्यकथाही होत्या. शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा थोड्या जास्तच आवडल्या. वाचक कॉलेजातले विद्यार्थी होते आणि नंतरच्या काही प्रयोगांत उलट निकालही आले, तेव्हा यावर फार मोठा इमला बांधू नये. पण शेवट आधी वाचणाऱ्या मुलाला 'फसवतेस' म्हणायचं कारण नाही, एवढं नक्की.

उपाय तिच्याच सवयीवरून ठरवला. ज्या पुस्तकाचा शेवट ठाऊक आहे तेच पुन्हा वाचायचं, पण या वेळी लेखकाने चोर आपल्यासमोर कुठे कुठे ठेवला होता त्या तीन जागा शोधायच्या. सापडली की पानाला चिकटचिठ्ठी लावायची. पहिल्या फेरीत एकच जागा सापडली, तीही संवादातली. दुसऱ्या पुस्तकात वर्णनातली पहिली सापडली, तेव्हा तिने ती घरात सगळ्यांना वाचून दाखवली. पुन्हा वाचल्याने वाचन अधिक ओघवतं होतं, हे सॅम्युएल्स यांनी 1979 पासून मांडलेलं आहे. इथे त्या फेरवाचनाला एक कामही मिळालं.

हे दोन आठवडे झाल्यावर नवं पुस्तक. जाड कागदाची पट्टी, बुकमार्क म्हणून वापरायची. तिच्यावर तीन रकाने: नाव, तो तेव्हा कुठे होता, काय खटकलं. जास्तीत जास्त पाच नावं. लिहायचं फक्त प्रकरण संपल्यावर, तेही दोन मिनिटं, मध्ये थांबून नाही. शेवटच्या दोन प्रकरणांना साधी क्लिप लावायची. ती काढायची मुभा कधीही, अट एकच: आधी एका चिठ्ठीवर आपल्याला वाटतं ते नाव लिहून तिथे ठेवायचं. चूक निघाली तरी चिठ्ठी टाकायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात बिघडलं. बाबांना पट्टी इतकी आवडली की ते प्रत्येक पानाला "आता कुणावर संशय?" असं विचारू लागले. तीन दिवसांत मुलीने पुस्तक मिटून ठेवलं. खेळाची परीक्षा झाली की असंच होतं. बाबांना सांगितलं, प्रश्न विचारायचे नाहीत. तेच पुस्तक तुम्हीही वाचा, स्वतःची पट्टी भरा आणि शेवटी दोघांच्या पट्ट्या शेजारी ठेवा. इथे आणखी एक खोच निघाली. बाबांनी जुनी आवृत्ती आणली आणि दोघांचे धागे जुळेनात. 1959 पासून या मालिकेतली जुनी पुस्तकं आटोपशीर करून नव्याने लिहिली गेली; नाव तेच, पण काहींचं कथानक बरंच वेगळं. जुन्यात साधारण 25 प्रकरणं असतात, नव्यात 20. सोबत वाचायचं तर अनुक्रमणिका आधी ताडून बघावी.

रात्री "अजून एकच प्रकरण" म्हणून जागण्याची तक्रारही यादीत होतीच. या साच्यात बहुतेक प्रकरणं संकटाच्या टोकावर नेऊन संपवलेली असतात. त्यामुळे 'प्रकरण संपव आणि झोप' असं सांगणं म्हणजे नेमक्या नको त्या जागी थांबवणं. पुढच्या प्रकरणाची दोन-तीन पानं वाचू द्यावीत, संकट टळलं की खूण ठेवून दिवा बंद. हा बदल पहिल्याच आठवड्यात लागू पडला. गोष्टीमुळे स्वप्नांत भीती येत असती किंवा एकटं झोपणं बंद झालं असतं, तर वेगळं बोलावं लागलं असतं. इथे तसं नव्हतं.

सहा आठवड्यांनी दोघी परत आल्या. मालिका तीच चालू आहे. मधल्या काळात एन्सायक्लोपीडिया ब्राउन या छोट्या गुप्तहेर मुलाच्या मालिकेतलं एक पुस्तक झालं. त्यात छोटी छोटी दहा प्रकरणं आणि उत्तरं पुस्तकाच्या शेवटी एकत्र असतात, त्यामुळे तिथे मागे डोकावणं हा खेळाचाच भाग. शेवट आधी वाचणं पूर्ण थांबलेलं नाही. सातपैकी तीन पुस्तकांत क्लिप लवकर निघाली, पण चिठ्ठी सातही वेळा ठेवलेली होती.

ताज्या पुस्तकाची पट्टी तिने पुढे केली. पाच नावं नीट भरलेली, एकावर गोल. चोर त्यातला एकही नव्हता, जागा संपली म्हणून लिहायचा राहिलेला सहावा निघाला होता. पट्टीला खालून तिने कागदाचा आणखी एक तुकडा चिकटवला होता.